लंडन वार्तापत्र : वीस मीटर आणि चाळीस टक्के

ब्रिटनमध्ये गंभीर आजाराने अंथरूण धरलेल्या माणसाला सरकारी पैसे मिळण्याच्या दोन वाटा आहेत. एक, काम करता येत नाही म्हणून. दुसरी, आजारामुळे रोजचे जगणेच अवघड आणि महाग झाले म्हणून. दुसऱ्या वाटेचे नाव पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट. बोलताना सगळे तिला पिप म्हणतात. २०१२च्या कायद्याने ती आली आणि एप्रिल २०१३पासून लागू झाली. ‘तिकडे काय, सरकारच पोसतं,’ असे ठासून सांगणारा एक तरी माणूस पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतो. त्याला आधी हे सांगायला हवे की आजारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत शेजारच्या तारापूरच्या कारखान्यातला ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतला कामगार, कागदावर तरी, लंडनमधल्या त्याच्यासारख्या कामगारापेक्षा सरस ठरतो.

ब्रिटनमधल्या मालकाने आजारी कामगाराला किमान किती द्यायचे, ते कायद्याने ठरले आहे. २०२५-२६मध्ये ही रक्कम आठवड्याला ११८.७५ पौंड होती. तेव्हा पहिले तीन दिवस काहीच मिळत नसे आणि सगळे मिळून जास्तीत जास्त २८ आठवडे. पूर्ण वेळ काम करणाऱ्याच्या किमान वेतनाच्या ती जेमतेम चौथाई होती. चांगली कंपनी वरून भर घालते, पण ती तिची मर्जी. तारापूरला मात्र ईएसआय आजारपणात ७० टक्के मजुरी देते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कर्करोग, क्षय, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. कामाच्या ठिकाणच्या अपघाताने किंवा धंद्याच्या आजाराने माणूस घरी बसला तर ९० टक्के. १९४८च्या कायद्यातून उभी राहिलेली ही व्यवस्था लंडनच्या माणसाला समजावून सांगितली तर त्याचा विश्वास बसत नाही. खरे तर बोईसरच्या माणसाचाही बसत नाही, कारण ३४ आजारांची ही यादी त्याला कोणी वाचून दाखवलेली नसते. पगाराच्या चिठ्ठीवर पाऊण टक्का कापलेला दिसतो, तेवढीच त्याची ईएसआयशी ओळख.

त्यात ८० टक्के मिळायचे तर सलग दोन वर्षांची नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर राबणाऱ्याला ‘ब्रेक’ मिळतो, ठेकेदार बदलतो, आणि नवा ठेकेदार कित्येकदा नवाच विमा क्रमांक काढून मोकळा होतो. क्रमांक जन्मभर एकच असावा हा नियम आहे. तो पाळला गेला नाही हे कळते ते माणूस परळला टाटा कर्करोग रुग्णालयात दाखल झाल्यावर. २०१८मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली तेव्हा तारापूर पहिले आले होते. अशा गावात धंद्याच्या आजाराचे ९० टक्के मिळवायला झुंबड उडायला हवी होती. पण खोकला रंगाच्या कारखान्यातल्या हवेचा की बिडीचा, हे सिद्ध कोणी करायचे?

ब्रिटनची खरी कसोटी सुरू होते पिपच्या अर्जापासून. फोन करायचा, राष्ट्रीय विमा क्रमांक सांगायचा, मग घरी जाडजूड फॉर्म येतो आणि तो महिन्याभरात भरून परत धाडायचा. उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, शाळा सोडल्याचा दाखला तर नाहीच. मिळकत विचारलीच जात नाही; पिप नोकरी करणाऱ्यालाही मिळते आणि लखपतीलाही. पालघरच्या सेतू केंद्रापुढच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही इथे हेवा वाटेल, आणि तो रास्त आहे.

पण हा हेवा फॉर्मच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर संपतो. रोगाचे नाव लिहून इथे भागत नाही. साधे जेवण स्वतः रांधता येते का, की फक्त मायक्रोवेव्ह चालवता येतो? अंघोळीला मदत लागते ती कमरेखाली की खांद्यापासून कमरेपर्यंत? पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला चार. रोजच्या जगण्याच्या दहा आणि हिंडण्याफिरण्याच्या दोन अशा बारा कामांचे गुण दोन गटांत वेगवेगळे जोडले जातात. एखाद्या गटात आठ झाले तर साधा दर, बारा झाले तर वाढीव. वीस मीटरपेक्षा जास्त चालवत नसेल तर एका झटक्यात बारा. हे अंतर म्हणजे डहाणू लोकलच्या एका डब्याची लांबी. २०२५-२६मध्ये दोन्ही गटांत वाढीव दर मिळालेल्याच्या हाती आठवड्याला १८७.४५ पौंड पडत, म्हणजे आजारी रजेच्या पगारापेक्षा बरेच जास्त.

मराठी कुटुंबे इथे हमखास अडकतात. ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘बरं चाललंय’ हेच उत्तर द्यायचे, असे वळण घरोघरी लावलेले असते. तपासणीचा फोन आला तरी काकू ‘हळूहळू करते सगळं’ म्हणून मोकळ्या होतात. ‘हळूहळू’ म्हणजे अर्धा तास, मध्ये दोनदा बसून, शेवटी मुलीला हाक मारून. यातले काही सांगितले जात नाही आणि गुण शून्य पडतात. नियम तसा समजूतदार आहे: काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता आले तरच ते ‘येते’ असे धरायचे, आणि वर्षभरातल्या निम्म्याहून अधिक दिवसांचा हिशेब पाहायचा. पण तो अर्जदाराला ठाऊक हवा. तपासणारा सरकारने नेमलेल्या खासगी कंपनीचा माणूस असतो. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, कधी रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिक. उपचार करणाऱ्या डॉक्टरचा शब्द अखेरचा नसतो. केन लोच यांच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ या चित्रपटात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला सुतार अशाच एका तपासणीत कामाला लायक ठरतो. तिथे मदत दुसरी आहे, काम न करता येण्याची. यंत्र मात्र हेच. २०१६मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पण तपासणी आहे तिथेच राहिली.

या सगळ्यातून एकाच रुग्णाला सूट आहे. वर्षभराच्या आत मृत्यू संभवतो असे डॉक्टरने लिहून दिले की रांधण्या-अंघोळीची चौकशी होत नाही आणि अर्ज पुढे सरकतो. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती. पिपसाठी एप्रिल २०२३मध्ये ती बारा महिने झाली.

महाराष्ट्रात मोजमाप टक्क्यांचे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असेल तर बहुतेक दारे उघडतात. सिकलसेल यादीत आहे, ही जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांसाठी मोठी गोष्ट. कर्करोग नाही, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याचे मूत्रपिंडही नाही. गंमत अशी की मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णाला बसू देतात. रेल्वेला जे कळले ते संसदेला का कळू नये, हे कोडेच आहे.

कर्करुग्णासाठी तहसील कार्यालयात वेगळे दार आहे: संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८०पासूनच्या या योजनेत क्षय, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजाराने चरितार्थ चालवू न शकणारा १८ ते ६५ वयाचा माणूस बसतो. महिना १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी २०२५च्या अखेरीस २,५०० झाले. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगाला ५०,०००पर्यंत सवलत. ईएसआयची मर्यादाही २१,०००च आहे, पण ती महिन्याच्या पगाराची. महिना अठरा हजार कमावणारा कामगार ईएसआयची दोन वर्षे संपल्यावर खाली आला, तर बायको धुणीभांडी करून दोन हजार आणते एवढ्यावर तो निराधार ठरत नाही. भविष्यनिर्वाह निधीकडून अपंगत्वाची पेन्शन मिळू शकते, दहा वर्षांची नोकरीही लागत नाही, पण अपंगत्व कायमचे आणि पूर्ण हवे. एक आकडा महिन्याचा, तोच आकडा वर्षाचा, आणि या दोहोंमधल्या खड्ड्यात बोईसरची अर्धी चाळ मावेल.

ब्रिटनमध्ये नकार आला तर आधी फेरविचार मागायचा, मग न्यायाधिकरण. तिथे न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा जाणकार असे तिघे बसतात आणि सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या अर्जदारांपैकी निम्म्याहून अधिक जिंकतात. पहिला निर्णय किती बेफिकिरीने होतो, त्याची ही कबुलीच म्हणायची. तरी वाट आहे, आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारखी १९३९पासूनची संस्था ती फुकट चालवून दाखवते. पालघरला हे काम तहसीलच्या फाटकाबाहेरचा एजंट करतो, फुकट नव्हे. निराधार योजनेचे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीचा अध्यक्ष तर पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय माणूस. त्यामुळे कागदांइतकीच ओळखही जमवावी लागते.

परक्याबाबत मात्र दोन्हीकडे हात आखडता. कामाच्या व्हिसावर आलेला मराठी इंजिनिअर ब्रिटनमध्ये कर भरतो, राष्ट्रीय विमा भरतो, वर आरोग्याचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. तरीही कायम वास्तव्याची परवानगी मिळेपर्यंत पिप त्याला बंद. तो यावर चिडतो, आणि चिडावेच. मात्र त्याच्या गावी उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेल्या कामगाराला निराधार योजनेसाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, हे त्याच्या कानावरही आलेले नसते.

मंजूर झालेली मदत टिकवणे हा शेवटचा टप्पा. पिप साधारणपणे ठरावीक वर्षांसाठी मिळते आणि मुदतीआधी फेरतपासणीचा फॉर्म येतो. पाकीट दारात पडले की घरातले हातातली कामे टाकून बसतात, कारण गुण पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. निराधार योजनेत गुण कोणी मोजत नाही, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो द्यायचा जानेवारी ते मार्च या महिन्यांत. मोखाडा-विक्रमगडची कितीतरी कुटुंबे त्याच महिन्यांत भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर असतात, आजारी म्हाताऱ्याला बरोबर घेऊन. भट्टीवरून दाखल्यासाठी परत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. आले नाही तर एप्रिलपासून अनुदान थांबते आणि पावसाच्या तोंडावर तहसीलची खेप पुन्हा सुरू होते.