मैफलीचें छायाचित्र

गाण्याची मैफल ही मुळांत ऐकण्याची वस्तु. छायाचित्रकाराच्या सोयीचा विचार तेथें कोणीं केलेला नसतो. रंगमंचावर दिवे लखलखत असले तरी दुपारच्या उन्हाच्या मानानें तो उजेड शेंकडों पटींनीं मंद असतो. माणसाचा डोळा त्यास लवकर सरावतो, कॅमेरा सरावत नाहीं. म्हणून उत्तम डिजिटल कॅमेरा बाळगणाऱ्या गृहस्थाचेंहि मैफलीतलें पहिलें चित्र बहुधा पांढराफटक चेहरा आणि हातांच्या जागीं धुकें, असें उतरतें.

पुण्यास १९५३ सालीं सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या एखाद्या मोठ्या मंडपांतील बैठक डोळ्यांपुढें आणावी. संयोजकांची अनुमति अर्थातच आधीं घेतलेली असावी. प्रथम फ्लॅश बंद करावा. त्यानें गवयाचें चित्त विचलित होतें हें उघडच आहे. पण तो निरुपयोगीहि आहे. त्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. दोन मीटरांवर जेवढा, त्याचा शंभरावा हिस्सा वीस मीटरांवर. उजळतात त्या पुढील रांगेंतील श्रोत्यांच्या पाठी!

मग हातीं तीन किल्ल्या उरतात : लेन्सचें छिद्र, शटरची गति आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता. समजा, कॅमेऱ्यानें छिद्र एफ-४, गति १/६० सेकंद आणि आयएसओ १६०० असें सुचविलें. तान घेतांना मान व हात हलत असल्यानें १/६० सेकंदांत चित्र पुसट येणार. गति १/२५० हवी. म्हणजे उजेड चौथाईवर आला. छिद्र एफ-२.८ पर्यंत उघडलें कीं तो दुप्पट होतो, आयएसओ ३२०० केला कीं पुन्हा दुप्पट, हिशेब जुळला.

परंतु प्रत्येक किल्लीचें मोल द्यावें लागतें. छिद्र मोठें केलें कीं स्पष्टतेची खोली आटते. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यास २०० मिलिमीटरची लेन्स लावून दहा मीटरांवरील गवयावर एफ-२.८ नें नेम धरला, तर ती खोली जेमतेम हातभर भरते. मागील तानपुरे पुसट होतात. त्यांत कांहीं बिघडत नाहीं. आयएसओ वाढविल्यास चित्रांत रवा दिसूं लागतो, आणि नवशिके त्यासच फार भितात. ही भीति अस्थानीं आहे. रवाळ चित्र पाहवतें, पुढें संगणकावर तें बरेंचसें निवळतांहि येतें. हललेला चेहरा मात्र कोणत्याहि उपायानें स्थिर होत नाहीं, आणि समेवर आलेला गवई पुन्हा त्याच मुद्रेनें समेवर येत नसतो. तेव्हां ६४०० पर्यंत जाण्यास कचरूं नये.

गतीची निवड गाण्याकडे कान देऊनच करावी लागते. आलापींत १/१२५ पुरते. द्रुत लय सुरू झाली कीं १/२५० किंवा अधिक. तबलजीचीं बोटें थांबलेलीं हवीं असल्यास १/५०० सुद्धां कधीं अपुरें पडतें. तथापि चेहरा स्थिर आणि बोटें किंचित् पुसट असें चित्रच तबल्याचें खरें चित्र होय. थिजलेलीं बोटें तबल्यावर नुसतीं ठेवल्यासारखीं दिसतात.

आतां पांढऱ्या चेहऱ्याचें कारण. मागचा पडदा गडद असला कीं कॅमेऱ्याचें मापक सगळें दृश्य काळें समजून उजेड वाढवितें आणि कपाळ जळून जातें. चेहऱ्यापुरतेंच मापन करून हे आंकडे स्वहस्तें कायम करावेत. शास्त्रीय संगीताच्या बैठकींत दिवे सहसा बदलत नाहींत. एकदां बसविलेलें माप पुष्कळ वेळ चालतें. क्षणोक्षणीं रंग पालटणाऱ्या पाश्चात्त्य धर्तीच्या जलशांत मात्र छिद्र व गति ठरवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोंपविणें सोयीचें. नेम साधण्यासाठीं एकच बिंदु निवडून तो डोळ्यावर धरावा. मोकळीक दिल्यास कॅमेरा हटकून मायक्रोफोनवर खिळतो.

राहिला आवाजाचा प्रश्न. शांत आलापींत शटरची टकटक शेजारच्या रसिकाचा संताप ओढवून घेते, आणि तो रास्तच आहे. कॅमेऱ्याची टिकटिक व नेमासाठीं लागणारा लहान दिवाहि बंद असावा. नव्या कॅमेऱ्यांत निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर असतें. परंतु त्यांत चित्र ओळीओळीनें टिपलें जातें. कित्येक दिवे विजेच्या ५० आवर्तनांमुळें सेकंदास शंभर वेळां लुकलुकतात, आणि मग चित्रांत आडवे काळे पट्टे उमटतात. गति १/१०० वर आणल्यास प्रत्येक ओळीस एक पुरें लुकलुकणें मिळतें व पट्टे बहुधा जातात. मंद केलेले कांहीं एलईडी दिवे याहूनहि फार जलद लुकलुकतात, तेथें ही युक्ति लागू पडेलच असें नाहीं. अशा मंडपांत साधें यांत्रिक शटरच वापरावें, आणि तबला भरांत येईपर्यंत बोट आवरून धरावें.