‘जम्पिंग चिकन’: चव जुनीच, किंमत मात्र शेताची

पहिला दमदार पाऊस कोसळला की गोव्यातील काही बार व उपाहारगृहांत एक पदार्थ कुजबुजत मागितला जातो. मेन्यू कार्डावर तो छापलेला नसतो. ‘जम्पिंग चिकन’ म्हटले की जाणकारास उमगते. ताटात येतात त्या तळलेल्या बेडकाच्या मागच्या तंगड्या. काही तरी आगळे चाखण्याच्या हौसेने आलेल्या पर्यटकांना त्याचे कुतूहल असते, तसेच पावसाळ्याची रीत म्हणून तो खाणारे स्थानिकही आहेत.

चवीत फारसे नवल नाही. खाणारेच सांगतात की ती कोवळ्या कोंबडीसारखी लागते. नवल आहे ते हंगामाचे. ‘इंडियन बुलफ्रॉग’ हा आपल्याकडचा मोठा बेडूक कोरडे महिने जमिनीच्या पोटात काढतो आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर वर येतो, तो प्रजननासाठीच. एरवी मातकट दिसणारा नर या दिवसांत पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि साचलेल्या पाण्यातून त्याची साद रात्रभर घुमत राहते. मादीला बोलावणारी हीच साद शिकाऱ्यालाही वाट दाखवते. विजेरीचा झोत डोळ्यांवर पडला की बेडूक जागीच थिजतो. मग त्याला पोत्यात टाकणे अवघड नाही. एका ताटासाठी अनेक बेडूक लागतात, कारण उपयोग फक्त तंगड्यांचा. पकडलेली मादी अंडी घालण्यापूर्वीच संपली, तर तिच्यासोबत हजारो अंडीही जातात.

याचा भुर्दंड शेतकऱ्यास पडतो. भातशेतीत बेडूक कीटक फस्त करतो, क्वचित छोटे उंदीरही गिळतो, आणि स्वतः सापांचे व पक्ष्यांचे भक्ष्य होतो. हा अनुभव देशाने एकदा घेतला आहे. बेडकाच्या तंगड्या परदेशी धाडणाऱ्या प्रमुख देशांत भारताची गणना होती. शेतीवरील परिणामांची ओरड वाढल्यावर १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. त्याआधी, १९८५ मध्येच, या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘सायटीस’ कराराचे नियंत्रण आले होते.

देशांतर्गत कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा बेडूक पकडणे, मारणे व विकणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची कमाल मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. वन्यप्राण्याचे मांस बाळगणेही कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे ‘आम्ही फक्त मागवले’ ही सबब गिऱ्हाइकाला तारेलच असे नाही. पावसाच्या तोंडावर वनखात्याची पथके रात्री गस्त घालतात खरी, परंतु शेते अफाट आणि माणसे मोजकी. स्वयंपाकघरातून मागणी होत राहील, तोवर पोते रिकामे राहणार नाही.

आगळेपणाची हौस मुळात वाईट नव्हे. प्रश्न मांस कोठून आले हा आहे. फार्मवर वाढवलेला जपानी लावा हॉटेलात मिळतो, रानातला लावा मात्र चालत नाही. आणि पावसाळी गोव्याची खरी ओळखच चाखायची असेल, तर तायकिळ्याची भाजी किंवा खुब्यांचे तोंडाक मागवावे. कोणाला कुजबुजावे लागत नाही.