'पेटार्ड' : एका विनाशिकेपुढचा पेच

नीतिशास्त्राच्या वर्गात आपण जी उदाहरणं घेतो ती बहुतेक कल्पित असतात. आज एक घडलेलं घेऊ. 'पेटार्ड' ही ब्रिटिश नौदलाची विनाशिका, जून १९४२मध्ये सेवेत आलेली. पेटार्ड म्हणजे जुन्या काळी किल्ल्याचा दरवाजा उडवायला लावत तो दारूगोळा. जर्मनी, इटली आणि जपान, तिन्ही शत्रुराष्ट्रांची एकेक पाणबुडी बुडवण्यात या जहाजाचा हात होता. इटालियन पाणबुडीचं प्रकरण मी सोडून देतो. आपल्याला बाकीची दोन हवी आहेत.

पहिलं ३० ऑक्टोबर १९४२चं. पूर्व भूमध्य समुद्रात पाच विनाशिकांनी तासन् तास पाठलाग करून 'यू-५५९' ही जर्मन पाणबुडी वर यायला लावली. रात्र झालेली, जर्मन खलाशी पाणबुडी सोडून पाण्यात उतरलेले, आणि आत पाणी भरतंय. पेटार्डवरचे लेफ्टनंट फॅसन आणि खलाशी ग्रेझियर पोहत तिच्यावर गेले. मागोमाग कॅन्टीनमध्ये काम करणारा टॉमी ब्राऊन गेला, सोळा वर्षांचं पोर! दोघांनी आतून सांकेतिक पुस्तिका काढून दिल्या, ब्राऊनने त्या वर पोचवल्या. मग पाणबुडी एकदम बुडाली, फॅसन आणि ग्रेझियर आतच राहिले. त्या पुस्तिकांच्या आधाराने ब्लेचली पार्कमध्ये, दहा महिने बंद पडलेलं जर्मन पाणबुड्यांच्या संदेशांचं वाचन डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. दोघांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. पण कशासाठी जीव गेला हे जाहीरपणे सांगता येत नव्हतं. ते गुपित १९७४पर्यंत राखलं गेलं.

इथे आपल्याला अवघड काही वाटत नाही. जीव त्यांचा, निर्णयही त्यांचा. खरा पेच पुढे आहे.

१२ फेब्रुवारी १९४४. मोम्बासाहून कोलंबोकडे पाच सैनिकवाहू जहाजं निघालेली, सोबत 'हॉकिन्स' ही क्रूझर आणि 'पॅलाडिन' व 'पेटार्ड' या विनाशिका. मालदीवजवळ जपानी 'आय-२७'ने 'खेदिव इस्माईल' या जहाजावर दोन टॉर्पेडो मारले. दोन मिनिटांच्या आत ते बुडालं. पूर्व आफ्रिकेचे तोफखान्याचे सैनिक होते, परिचारिका होत्या. जवळजवळ १,३०० माणसं गेली. जी वाचली ती पाण्यात तरंगत होती, आणि पाणबुडी नेमकी त्यांच्याच खाली दडलेली.

पेटार्डचा कप्तान इगन याने पाणसुरुंग टाकले. पाण्यातल्या माणसांवर त्याचा काय परिणाम होणार हे त्याला माहीत होतं. शेवटी पाणबुडी वर आली. पॅलाडिन तिला धडक द्यायला गेली आणि स्वतःच फाटली. मग पेटार्डच्या सातव्या टॉर्पेडोने ती संपली. वाचलेले दोनशेच्या थोडे वर.

द्विविध परिणामाचं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे: वाईट परिणाम दिसत असला तरी तो हेतू नसावा, साधन नसावा, आणि साधणारं चांगलं त्याच्या तोलाचं असावं. पहिल्या दोन अटी इगन सहज पार करतो. पाण्यातली माणसं मेल्यामुळे पाणबुडी बुडणार नव्हती. अडतं ते तिसरीपाशी. बाकीची चार जहाजं तोवर दूर निघाली होती. म्हणजे तोलायचं होतं ते समोरच्या माणसांना, आणि पुढे कधीतरी, कुठल्या तरी जहाजावर मरणाऱ्यांना. शिवाय सुरुंग लागेलच याची खात्री कोण देणार? पहिल्या माऱ्यात पाणबुडी वर आलीच नाही. मग दुसऱ्या वेळी टाकताना तो हिशोब नव्याने करायचा की नाही?

फिलिपा फूट यांनी सुटलेल्या ट्रामचं प्रसिद्ध उदाहरण दिलं १९६७ साली. (योगायोग असा, की पेटार्ड भंगारात निघाली तीही त्याच वर्षी.) त्या ट्रामच्या चालकाला दोन्ही रुळांवरची माणसं मोजता येतात. इगनला एकाच बाजूची मोजता येत होती. तरी माझ्या मते त्याने जे केलं ते समर्थनीय होतं. पण 'समर्थनीय' आणि 'निर्दोष' हे शब्द मी एकाच अर्थाने वापरत नाही. पाण्यात राहून जो वाचला त्याने इगनला दोष दिला, तर तो चुकतोय असं मी त्याला सांगू शकणार नाही. यावर तुमचे प्रश्न घेऊ.