फेस का येत नाही?

नरक चतुर्दशीच्या पहाटे आईने आम्हा दोघांना पाटावर बसवले आणि उटणे लावायला घेतले. धाकटी बहीण एकदम किंचाळली. मी म्हणालो, "किती रडतेस! आमच्या हॉस्टेलवर पहाटे पाचला गार पाण्याने अंघोळ करून फॉल-इनला उभे राहतात." तिने काही न बोलता हात पुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूची कातडी भेगाळून रक्त आले होते. मी गप्प झालो.

बाबांच्या बदलीमुळे आमचे घर चेन्नईला आहे. मी फक्त सुट्टीत तिथे जातो. बहिणीला एक्झिमा आहे हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण घरात सगळा दोष पाण्याला दिला जाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच तिला सल्ला दिला होता, "दोनदा साबण लाव, नीट घासून अंघोळ कर." तो सल्ला बरोबर होता का, हे या वेळी तपासायचे ठरवले.

आमच्या बाथरूमला बोअरचे पाणी येते. दिवाळीत चेन्नईला परतीचा पाऊस असतो, म्हणून गच्चीवर बादली ठेवून पावसाचे पाणी धरले. दोन बाटल्यांत प्रत्येकी १०० मिली पाणी घेतले. साबणाचे पाणी ड्रॉपरने थेंब थेंब टाकून बाटली हलवत गेलो. पावसाच्या पाण्यात मिनिटभर टिकणारा फेस ६ थेंबांत आला. बोअरच्या पाण्यात त्यासाठी ४७ थेंब लागले, शिवाय पाणी दुधाळ झाले आणि वर पांढरा साका तरंगू लागला.

अशा पाण्याला पुस्तकात 'दुष्फेन' म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणातील सोडियमची जागा ते घेतात आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. हे क्षार संपेपर्यंत साबण वाया जातो, फेस होत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० नुसार काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते.

चेन्नई समुद्राला लागून आहे. बोअरमधून फार उपसा झाला की किनाऱ्याजवळ समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले तेव्हा जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती, ती आपल्याला आठवत असेल. अशा दिवसांत घराघरांत बोअर आणि टँकरचाच आधार असतो.

आता त्वचेकडे वळू. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी असतो. दुष्फेन पाण्यात साबण जास्त लागतो, आणि धुतल्यावरही त्याचा साका अंगावर राहतो. त्यामुळे त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. ज्याला मुळात एक्झिमा आहे, त्याला हा त्रास अधिक होतो. म्हणजे माझ्या सल्ल्याने बहिणीच्या अंगावर साका दुप्पट बसत होता!

केसांवरही हा थर बसतो. केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. पण तुटणे वेगळे आणि गळणे वेगळे. गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो. आईच्या कंगव्यातले बरेच केस तसेच होते, म्हणून डॉक्टरांनी तिला रक्त तपासायला सांगितले. कोइंबतूरमधील एका अभ्यासातही (२०१३) दुष्फेन पाण्यामुळे केसाच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नव्हता.

मग पाणी मऊ करणारे यंत्र घ्यावे का? बाबा घेणारच होते. ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर अशा यंत्राचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्राचा वेगळा फायदा दिसला नाही. तुरटीने गाळ बसतो, काठिण्य जात नाही. उकळल्याने फक्त तात्पुरते काठिण्य जाते.

म्हणून आम्ही साधे बदल केले. साबणाऐवजी डॉक्टरांनी सांगितलेली साबणविरहित वडी, कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे, आणि अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. शिवाय डॉक्टरांचे मलम. कॅडेट मित्रांनो, पीटीनंतर तुमच्याही अंगाला खाज सुटत असेल, तर साबण वाढवू नका, अंग नीट धुऊन घ्या. खाज थांबली नाही तर वैद्यकीय कक्षात दाखवा.

नाताळच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बहिणीच्या भेगा भरल्या होत्या. श्रेय पाण्याचे की मलमाचे, हे मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झाले होते. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर प्रयोगातून उत्तर मिळत नाही. मात्र 'दोनदा साबण' हा माझा हुकूम मी तिच्यासमोर उभा राहून मागे घेतला. तिने सॅल्यूट ठोकला.