कुंडीतले चिबड



मुलांच्या शाळा-कॉलेजासाठी आपल्यापैकी कित्येकांनी नगरला सावेडीत घर केले आहे. मळा गावाकडे आणि बिऱ्हाड सावेडीत, असा प्रकार. तेथील गच्च्यांवर हल्ली वड, पिंपळ, उंबर यांचे वामनवृक्ष, म्हणजे बोन्साय, करण्याची हौस वाढली आहे. आमच्याकडे खरे तर लागण, खोडवा आणि हुमणीचे प्रश्न यावयाचे. पण "साहेब, मळ्यातली एक नंबरची काळी माती ट्रॉलीनं नेली, शेणखत घातलं, तरी झाड का गेलं?" हेही आता वरचेवर विचारले जाते. याचे उत्तर उसाच्या रोपवाटिकेलाही लागू पडते, म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

झाड गेले ते बहुधा त्या एक नंबरच्या मातीमुळेच.

प्रवरा-गोदावरीच्या कालव्याखालच्या सभासदांना चिबड जमीन काय असते हे सांगावयास नको. पाणी भरपूर दिले, निचरा नाही, मुळांना हवा मिळेना, की ऊस पिवळा पडतो. काळ्या मातीची कुंडी म्हणजे असेच एक वीतभर चिबड. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात चिकण कणांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात हे चालून जाते, कारण खाली दोन-तीन फूट माती असते आणि ती वरचे पाणी खाली ओढून घेते. बोन्सायची थाळी दोन-तीन इंच खोल! तेथे पाण्याने जावे कोठे?

भोक असले की पाणी निघून जाते, असा सर्वांचा समज आहे. तो अर्धाच खरा. भांडी घासण्याचा चौकोनी स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. उथळ कुंडीच्या तळाशी याच कारणाने पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि माती जितकी बारीक तितका तो थर जाड. तळाला खापऱ्या, खडी यांचा जाड थर देण्याची रीत आहे, तिनेही काम होत नाही. पाण्याचा थर खडीच्या वर सरकतो एवढेच, आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी पुरे.

मग उपाय काय? माती बारीक नको, दाणेदार हवी. जपानी लोक बोन्सायसाठी अकादामा वापरतात, तीही ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली दाणेदार मातीच. ती विकत आणण्याची मुळीच गरज नाही. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे तेच काम करतात. विटेच्या अंगातल्या छिद्रांत पाणी राहते आणि दोन दाण्यांच्या मधून हवा खेळते. मात्र वीट पक्की हवी. चार तुकडे रात्रभर पाण्यात टाकावेत. सकाळी बोटाने दाबून चिखल झाला तर ती वीट कच्ची समजावी. वीट फोडून चाळावी. हरभऱ्याहून मोठे ते पुन्हा फोडावे, बाजरीच्या दाण्याहून बारीक ते टाकून द्यावे. हा बारीक भुगा काढण्याचा लोक कंटाळा करतात, आणि सगळे बिघडते ते तेथेच. उरलेल्या दाण्यांच्या फटींत तोच भुगा जाऊन बसतो.

दुसरा घटक मुरूम. कठीण, दाणेदार मुरूम घ्यावा; तोही त्याच मापाने चाळून, धुऊन. त्यात चुनखडी नाही ना, एवढे पाहावे. चुनखडीचा पांढरा खडा कुटून त्यावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात. अशा मुरमात झाडाला लोह उचलता येत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, म्हणजे उसावर आपण केवडा म्हणतो तेच. मुरमाऐवजी जाड वाळू चालेल, बांधकामाची क्रश सँडही चालेल, पण तिची धूळ धुऊन काढलीच पाहिजे.

तिसरा घटक सेंद्रिय खत. शेणखत वर्षभर कुजलेले, किंवा कारखान्याच्या प्रेसमडचे पूर्ण कुजलेले कंपोस्ट. ताजे प्रेसमड ढिगात तापते, तसेच ते कुंडीत मुळांना भाजते. काही सभासद बगॅस आणि बॉयलरची राख घालतात असे दिसते. तसे करू नये. कच्चा बगॅस कुजताना मातीतले नत्र स्वतःच खातो, आणि राख विम्लधर्मी असल्याने चुनखडीचाच त्रास वाढविते.

प्रमाण घमेल्याच्या मापाने असे ठेवावे : वीट दोन, मुरूम एक, कंपोस्ट एक. सावेडीच्या उघड्या गच्चीवर उन्हाळ्यात झळा लागतात, तेथे कंपोस्ट दीड घमेले केले तरी चालेल. मिश्रण भरून वरून तांब्याभर पाणी ओतावे. ते वर तळे करून राहिले तर मिश्रण पुन्हा चाळावे. भरभर खाली गेले तर जमले. अशा कुंडीला उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही पाणी लागते. ज्यांची सावेडीला फेरी फक्त रविवारी होते त्यांनी ही हौस करू नये, कुंडीत कोरफड लावावी. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटी धरते. अशा वेळी महिन्यातून एकदा भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल इतके द्यावे. चोपण होऊ नये म्हणून शेतात चर काढतो, त्यातलाच हा प्रकार. वड-पिंपळाची कुंडी बदलणे पावसाळ्याच्या तोंडाला करावे.

आता एक डोळा रोपांकडे वळू. पिशवीत नुसती काळी माती भरून डोळे कुजवून घेणारे सभासद दरवर्षी भेटतात. बियाणे गेले, मजुरी गेली, आणि लागणीची तारीखही पुढे गेली. कारण तेच, निचरा नाही. पण म्हणून बोन्सायचे मिश्रण उसाच्या पिशवीत भरू नये. वामनवृक्ष कुंडीत वर्षानुवर्षे राहतो, उसाचे रोप पाच-सहा आठवडेच. शिवाय पिशवी फाडून रोप सरीत ठेवताना मुळांभोवतीचा गड्डा शाबूत राहिला पाहिजे, आणि विटेचे दाणे हातातून ओघळून जातात. तेथे माती हवीच. एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेले कंपोस्ट घ्यावे. पोयटा नसेल आणि काळीच असेल, तर ती निम्मी करून वाळू दीडपट करावी. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. टोचूनही फुटला नाही तर वाळू वाढवावी, वळलाच नाही तर थोडी माती. पिशवीला तळाशी आणि बाजूने भोके पाडली आहेत ना, हे भरण्यापूर्वीच पाहावे. भरलेल्या पिशव्यांना मागाहून भोके पाडीत बसणारे मजूर आम्ही पाहिले आहेत. त्यात निम्म्या पिशव्या फाटतात.