शेलला शंका येत नाही

जून महिन्यात गोंदिया जिल्ह्यात सारस पक्ष्यांची गणना होते. ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते, वन विभागाचे कर्मचारी आणि गावोगावची हौशी मंडळी भल्या पहाटे तलावांच्या काठावर आणि धानाच्या बांध्यांजवळ जाऊन बसतात आणि दिसलेले पक्षी लिहून ठेवतात. समजा, अशा नोंदी एकेका जागेच्या वेगळ्या फाईलमध्ये संगणकावर आल्या आणि फायलींना सरळ जागेचं नाव दिलं : ‘परसवाडा तलाव’, ‘झालिया तलाव’. आता सगळ्यांची बेरीज हवी. पंचवीस फायली एक्सेलमध्ये उघडून आकडे चिकटवत बसता येतं. पण हेच काम दरवर्षी करायचं असेल तर दहा ओळींची शेल स्क्रिप्ट बरी. एकदा लिहिली की दरवर्षी काही सेकंदांत काम उरकतं.

शेल म्हणजे आपण टंकलेली कमांड वाचून ती पार पाडणारा प्रोग्रॅम. अशा कमांड एकाखाली एक लिहून फाईल जपून ठेवली की झाली स्क्रिप्ट. प्रकरण दिसायला साधं आहे, पण ते खेळण्यातलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसवला गेला. अशा यंत्रावर हवामानाचं मॉडेल चालवायचं तर काम रांगेत लावावं लागतं आणि ते लावण्याची रीत शेल स्क्रिप्टचीच. रोवणीच्या दिवसांत ज्या पावसाच्या अंदाजाकडे सगळा जिल्हा कान लावून असतो, त्याच्या आकडेमोडीमागेही अशा स्क्रिप्ट राबत असतात.

तर आपली सारसांची स्क्रिप्ट. प्रत्येक फाईल उघड, आकडा घे, बेरजेत टाक. चालवली, आणि शेल म्हणालं, ‘परसवाडा’ नावाची फाईल सापडत नाही. मग म्हणालं, ‘तलाव’ नावाचीही सापडत नाही. हेही एका परीनं नशीबच. त्या फोल्डरमध्ये नुसत्या ‘तलाव’ नावाची एखादी फाईल असती, तर शेलनं तीच पुन्हा पुन्हा उघडली असती. ‘तलाव’बद्दलची तक्रार आली नसती, आणि जिल्ह्यातल्या सारसांची बेरीज कागदावर चुकली असती.

हे होतं ते शेलच्या जुन्या सवयीमुळे. स्क्रिप्टमध्ये फाईलचं नाव एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या नाव दिलेल्या खणात, असतं. व्हेरिएबलच्या जागी त्यातला मजकूर आला की शेल तो मजकूर मोकळ्या जागांवर तोडतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा शब्द मानतं. तोडू नको असं सांगायचं असेल तर व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घालावी लागतात. ज्या काळात ही पद्धत ठरली तेव्हा तिचा त्रास नव्हता. केन थॉम्पसन यांचं युनिक्सवरचं पहिलं शेल १९७१ चं, स्टीफन बॉर्न यांचं शेल १९७९ चं, आणि आज लिनक्सवर सर्रास वापरलं जाणारं ‘बॅश’ ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये आणलं. बॉर्न यांच्या वेळच्या युनिक्समध्ये फाईलचं नाव जास्तीत जास्त १४ बाइटचं असे. एवढ्याशा नावात मोकळी जागा सोडायची चैन कोण करणार? युनिकोडच्या आजच्या पद्धतीनं लिहिलं तर ‘गोंदिया’ हे नावसुद्धा त्यात मावलं नसतं, त्याला २१ बाइट लागतात.

आपल्याकडे शेल शिकलेल्या एका पिढीला ही अवतरणचिन्हांची भानगड पुस्तकातूनच कळली. गोंदियाहून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर. तिथले यशवंत कानेटकर ‘लेट अस सी’मुळे देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत माहीत आहेत आणि ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’ हे पुस्तकही त्यांचंच. तेव्हा स्क्रिप्ट लिहायची ती ‘व्हीआय’ या एडिटरमध्ये. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात लिहिलेला हा एडिटर. रंग नाहीत, सूचना नाहीत, मजकूर तेवढा पुढ्यात. चूक कळायची ती स्क्रिप्ट चालवल्यावर.

आणि चालवल्यावर कळणं किती महाग पडू शकतं याचे दोन दाखले संगणकवाले अजून सांगतात. २०११ मध्ये ‘बम्बलबी’ या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये एक फोल्डर पुसण्याची ओळ होती. ‘यूएसआर’ या नावानंतर एक मोकळी जागा चुकून पडली. शेलनं दोन वेगळी नावं वाचली आणि आधी सगळं ‘यूएसआर’च पुसलं. संगणकावरचे बहुतेक प्रोग्रॅम त्याच फोल्डरमध्ये असतात. दुसरा दाखला जानेवारी २०१५ चा, ‘स्टीम’ या खेळांच्या सॉफ्टवेअरचा. तिथे अवतरणचिन्हं जागच्या जागी होती. पण फोल्डरचा पत्ता ज्या व्हेरिएबलमध्ये असायचा ते एका वापरकर्त्याकडे रिकामं निघालं. ‘या पत्त्याखालचं सगळं पूस’ या आज्ञेतून पत्ताच गळाला आणि उरलं ‘सगळं पूस’. बाहेरून जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही गेल्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानं इंग्रजीत टिप्पणी करून ठेवली होती, अर्थ असा की हे भीतीदायक आहे! भीती वाटली होती तर खरी.

‘शेलचेक’ हा प्रोग्रॅम नेमका याच जागी कामाला येतो. विदार होलेन यांनी २०१२ मध्ये तो सुरू केला. हास्केल या भाषेत लिहिलेला आहे, फुकट आहे, आणि त्याचा मूळ कोडही खुला आहे. तो स्क्रिप्ट चालवत नाही, वाचतो. राइस मिलमध्ये भरडण्याआधी धानातले खडे वेगळे काढतात, तसं. वाक्यांची फोड करून तो एक झाड तयार करतो : ही कमांड, हा तिचा शब्द, हे व्हेरिएबल, हे अवतरणात आहे की नाही. मग ठरलेल्या चुका त्या झाडावर शोधतो. प्रत्येक चुकीला क्रमांक असतो. एक हजारच्या पुढचे क्रमांक लिहिण्याच्या चुकांचे, दोन हजारच्या पुढचे अर्थाच्या घोटाळ्यांचे, तीन हजारच्या पुढचे एका शेलवर चालणारं पण दुसऱ्यावर न चालणारं लिहिल्याचे. अवतरण नसलेल्या व्हेरिएबलचा क्रमांक २०८६. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात तो इतक्यांदा पाहतो की पाठच होऊन जातो. स्टीमसारख्या रिकाम्या पत्त्याचा इशारा २११५ क्रमांकाचा.

एडिटरमधलं प्लगिन म्हणजे या तपासनिसाला लेखनाशी जोडणारा दुवा. तुम्ही ओळ लिहिता, प्लगिन मागच्या मागे मजकूर शेलचेककडे पाठवतं, उत्तरात ओळ, रकाना, क्रमांक आणि संदेश येतो आणि त्या शब्दाखाली नागमोडी रेघ उमटते. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचा असा दुवा वेगळा लिहावा लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे दुवे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांना सोबत घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेचा जाणकार प्रोग्रॅम एकदाच लिहायचा आणि सगळ्या एडिटरांनी त्याच्याशी एकाच ठरलेल्या बोलीत बोलायचं. मग तीस तुकड्यांत भागतं. बॅशसाठीही असा सर्व्हर आहे आणि चुका शोधण्यासाठी तोही शेलचेकचीच मदत घेतो.

प्लगिनांचा दुसरा प्रकार टंकायचे कष्ट वाचवणारा. विम एडिटरसाठी जर्मनीच्या फ्रिट्झ मेनर यांनी केलेलं ‘बॅश-सपोर्ट’ हे त्याचं जुनं उदाहरण. दोन-तीन कळा दाबल्या की फाईलच्या डोक्यावर नाव, तारीख, लेखक असा मथळा, किंवा ‘इफ’चा अख्खा सांगाडा तयार. छान आहे. पण शिकणाऱ्यानं ते आधी लावू नये असं माझं मत आहे. सांगाडा आयता मिळाला की तो का तसा आहे हे हाताला कळत नाही, आणि टंकण्याचा वेग हा नवशिक्याचा प्रश्न नसतोच. तपासनीस आधी, सोयी मागाहून.

जुळणी अवघड नाही. उबुंटू किंवा डेबियन लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल शेलचेक’ अशी कमांड द्यायची, अर्थात रोमन अक्षरांत. व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर डावीकडच्या एक्स्टेन्शनच्या खणात शेलचेक शोधा आणि इन्स्टॉल करा. विमवाल्यांसाठी ‘एएलई’ हे प्लगिन आहे. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून विममध्ये प्लगिनचं फोल्डर ठरलेल्या जागी नुसतं ठेवलं तरी ते आपोआप चालू होतं आणि शेलचेक संगणकावर असेल तर एएलई ते स्वतःच हुडकतं. (विम फुकट आहे, पण त्याचे कर्ते ब्राम मोलेनार यांनी वापरणाऱ्यांना युगांडातल्या अनाथ मुलांसाठी मदत करण्याची विनंती त्यातच लिहून ठेवली. २०२३ मध्ये ते गेले, विनंती अजून आहे.) एकदा बसवलं की शेलचेकला इंटरनेट लागत नाही. जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडे रेंज येते-जाते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

स्क्रिप्टची पहिली ओळ मात्र नीट लिहा. हॅश आणि उद्गारचिन्ह, पुढे शेलचा पत्ता. ही सोय डेनिस रिची यांनी १९८० मध्ये केली. कोणत्या शेलच्या नियमांनी तपासायचं हे शेलचेकही याच ओळीवरून ठरवतं. उबुंटूवर नुसतं ‘एसएच’ लिहिलं तर बॅश चालत नाही, २००६ पासून ‘डॅश’ नावाचं छोटं शेल चालतं. बॅशची कलाकुसर त्याला येत नाही.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की आणखी एक गंमत होते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा टाकतं, लिनक्सला एकच हवी असते. जास्तीची खूण कमांडला चिकटते आणि कमांड सापडत नाही. डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसते. शेलचेक याला १०१७ क्रमांक देतं. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे ‘सीआरएलएफ’ दिसेल, तिथे ‘एलएफ’ करा. व्हॉट्सॲपवरून कमांड उचलली की सरळ अवतरणचिन्हांची कधी वळणदार झालेली असतात. कागदावर ती सुंदर दिसतात, पण शेलच्या लेखी ती अवतरणचिन्हंच नव्हेत. तेही शेलचेक पकडतं.

त्याच्या नजरेतून सुटतात ते आपल्या लिपीचे घोटाळे. ‘गोंदिया’ आपण तीन अक्षरांत वाचतो. युनिकोडच्या हिशेबात त्याचे सात तुकडे होतात : ग, ओकार, अनुस्वार, द, इकार, य, आकार. यूटीएफ-८ या युनिकोडच्या आजच्या पद्धतीत यातला प्रत्येक तुकडा तीन बाइटचा. बॅशला लांबी विचारली तर सेटिंगप्रमाणे ते ७ म्हणेल किंवा २१, तीन कधीच म्हणणार नाही. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ डिस्कवर नाव २५५ बाइटपर्यंत चालतं, म्हणजे देवनागरीत ८५ तुकडे. ‘अर्जुनी मोरगाव तालुक्यातील’ अशी सुरुवात केली की कार्यालयीन थाटाचं नाव बघता बघता ती मर्यादा गाठतं.

याहून चकवणारा आहे ‘शेतकऱ्यांची यादी’मधला ऱ्या. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका कीबोर्डवर खास ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडखूण आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण लिनक्ससाठी फाईलचं नाव म्हणजे बाइटांची माळ, आणि या दोन माळा वेगळ्या. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये वाचायला एकच नाव असलेल्या दोन फायली सुखानं नांदू शकतात आणि समोर दिसणारी फाईल शेलला सापडत नाही. विममध्ये त्या अक्षरावर कर्सर नेऊन ‘जी’ आणि मग ‘८’ दाबलं की आतले बाइट उघडे पडतात, तेव्हा उलगडा होतो. मला हे आवडत नाही, पण सध्या तरी फायलींना रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता नावं द्यावीत आणि मराठी फाईलच्या आत लिहावं. टर्मिनलवर काना-मात्रा जोडाक्षरांपासून सुटून दिसतात तो त्रासही त्यानं कमी होतो.

शेलचेकनं एकही रेघ उमटवली नाही म्हणजे स्क्रिप्ट बरोबर, असं मात्र नाही. पिल्लांचा रकाना प्रौढ पक्ष्यांत मिळवला तर त्याला काय कळणार? हा आळस नाही, गणिताचीच मर्यादा आहे. प्रोग्रॅम काय करतो याविषयीच्या कोणत्याही खऱ्याखुऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्याच प्रोग्रॅमांच्या बाबतीत अचूक देणारी रीत असू शकत नाही, हे हेन्री गॉर्डन राइस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयात दाखवलं. धानाच्या जिल्ह्यात राइसचं प्रमेय. योगायोगच, आडनाव आहे ते. म्हणून तपासनीस संशयाच्या जागा दाखवतो, निकाल देत नाही.

आणि कधी त्याचा संशय खोटाही असतो. एखाद्या ठिकाणी व्हेरिएबल मोकळ्या जागांवर तुटावं असंच तुम्हाला हवं असतं. अशा वेळी त्या ओळीच्या वर शेलचेकच्या नावानं टिप्पणी लिहून तेवढा क्रमांक बंद करता येतो. सगळ्या फाईलसाठी बंद करू नका, त्या एका ओळीपुरताच करा, आणि का केला ते शेजारी मराठीत लिहा. टिप्पणीत काहीही लिहिलं तरी शेल ते वाचत नाही, पुढच्या वर्षी ती फाईल उघडणारा वाचतो.