टॉन्सिल शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव

टॉन्सिल शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव म्हणजे घशातील टॉन्सिल काढून टाकल्यानंतर त्या जागेतून होणारा रक्तस्राव होय. टॉन्सिलला मराठी वैद्यकीय परिभाषेत गिलायू, तर ते काढण्याच्या शस्त्रक्रियेला गिलायू-उच्छेदन किंवा टॉन्सिलेक्टॉमी म्हणतात. ही शस्त्रक्रिया जगभर, विशेषतः लहान मुलांवर, मोठ्या प्रमाणात केली जाते आणि बहुतेक रुग्ण कोणत्याही गुंतागुंतीविना बरे होतात. रक्तस्राव ही तिची सर्वांत महत्त्वाची गंभीर गुंतागुंत आहे. हा रक्तस्राव शस्त्रक्रियेच्या दिवशीच होतो असे नाही. पुष्कळदा तो रुग्ण घरी परतल्यावर, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास होतो. म्हणून त्याची माहिती शल्यचिकित्सकांप्रमाणेच रुग्णाच्या घरच्या माणसांनाही असणे आवश्यक ठरते.

रचना व रक्तपुरवठा

पडजिभेच्या डाव्या व उजव्या बाजूंना, स्नायूंच्या दोन घड्यांमधील खोबणीत एकेक टॉन्सिल असतो. आकाराने लहान असूनही त्याचा रक्तपुरवठा विपुल असतो. बाह्य कॅरोटिड रोहिणीच्या अनेक उपशाखा त्याला रक्त पुरवतात. त्यांपैकी चेहऱ्याकडे जाणाऱ्या रोहिणीची टॉन्सिल-शाखा प्रमुख असून जीभ, टाळू व घसा यांच्या रोहिण्यांतूनही रक्त येते. टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाने जाणारी नीलाही रक्तस्रावाचे नेहमीचे उगमस्थान आहे.

त्वचेवरील जखमेच्या कडा टाके घालून जुळवता येतात. टॉन्सिल काढल्यावर राहिलेली खोबण मात्र सामान्यतः उघडीच ठेवली जाते व ती तळापासून हळूहळू भरून येते. तिला पट्टी बांधता येत नाही. गिळणे, बोलणे व खोकणे यांमुळे ती सतत हलत राहते आणि लाळेतील जंतूंच्या संपर्कात असते. ही जखम भरण्यास साधारणपणे दोन आठवडे लागतात.

प्रकार

प्राथमिक रक्तस्राव : शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत होणारा रक्तस्राव. शस्त्रक्रियेच्या वेळी आकुंचन पावलेली रक्तवाहिनी पुन्हा मोकळी होणे, बांधलेला दोरा सुटणे, तसेच भूल उतरताना खोकला, उलटी किंवा रक्तदाबातील वाढ ही त्याची कारणे असतात. या काळात रुग्ण बहुधा वैद्यकीय देखरेखीखाली असतो.

द्वितीयक रक्तस्राव : २४ तासांनंतर, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान होणारा रक्तस्राव. शस्त्रक्रियेनंतर खोबणीवर फायब्रिनचा पांढरट-पिवळसर थर जमतो. हा थर म्हणजे ओल्या जागेवर धरलेली खपलीच होय. तो पू नव्हे. काही दिवसांनी तो सुटू लागला की खालच्या कोवळ्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात व त्यांतून रक्त येऊ शकते. जंतुसंसर्ग व घसा कोरडा पडणे यांचाही यात वाटा असू शकतो.

जुन्या पाठ्यपुस्तकांत तीन प्रकार सांगितलेले आढळतात : शस्त्रक्रिया चालू असताना होणारा तो प्राथमिक, त्यानंतर २४ तासांत होणारा तो प्रतिक्रियात्मक आणि त्यापुढचा द्वितीयक.

प्रमाण

इंग्लंड व उत्तर आयर्लंड येथे २००३-०४ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ३४,००० रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ३.५ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला आणि ०.९ टक्के रुग्णांना तो थांबवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राथमिक रक्तस्रावाचे प्रमाण ०.२ ते २.२ टक्के, तर द्वितीयक रक्तस्रावाचे ०.१ ते ३ टक्के दिले आहे. याउलट ऑस्ट्रियातील अभ्यासात थुंकीतून आलेले थोडे रक्तही मोजल्यामुळे हेच प्रमाण सुमारे १५ टक्के भरले. आकड्यांतील ही तफावत बऱ्याच अंशी ‘रक्तस्राव’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून असते. या गुंतागुंतीमुळे मृत्यू होणे अतिशय दुर्मीळ आहे.

जोखीम वाढवणारे घटक

लहान मुलांपेक्षा किशोरवयीन व प्रौढ रुग्णांत रक्तस्राव अधिक वेळा होतो. वारंवार होणारा टॉन्सिलदाह किंवा टॉन्सिलभोवती पूर्वी झालेले गळू यांमुळे आसपासच्या ऊती चिकटलेल्या असतात व जोखीम वाढते. हिमोफिलिया, फॉन विलेब्रांड रोग यांसारखे रक्त गोठण्यातील दोष, तसेच अ‍ॅस्पिरिन व रक्त पातळ ठेवणारी इतर औषधे हेही महत्त्वाचे घटक आहेत.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीचाही परिणाम होतो. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश पाहणीत, विद्युत्-उष्णतेने किंवा कोब्लेशन पद्धतीने टॉन्सिल काढून त्याच साधनाने रक्त थांबवल्यास रक्तस्रावाची जोखीम, उष्णता न वापरता केवळ धातूच्या हत्यारांनी केलेल्या शस्त्रक्रियेच्या सुमारे तिप्पट आढळली. उष्णतेमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त कमी जाते, हा तिचा फायदा असतो.

लक्षणे

ताजे लाल रक्त तोंडातून किंवा नाकातून येणे हे उघड लक्षण होय. लहान मुले मात्र रक्त थुंकण्याऐवजी गिळतात. त्यामुळे झोपेत वारंवार घोट गिळणे, अस्वस्थता, त्वचा फिकट व गार पडणे, नाडी जलद होणे आणि काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे ही लक्षणे ओळखणे आवश्यक असते. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो व नंतर एकाएकी घसरतो. म्हणून केवळ रक्तदाब योग्य असल्याने निर्धास्त होता येत नाही.

मुलांच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारणपणे ७० ते ८० मिलिलिटर रक्त असते. १५ किलो वजनाच्या मुलात ते जेमतेम सव्वा लिटरपर्यंत भरते. अशा मुलाचे पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, रक्त गेले तरी तो एकूण रक्ताचा सुमारे सहावा हिस्सा असतो.

थोडे रक्त येऊन आपोआप थांबले तरी तो मोठ्या रक्तस्रावाचा पूर्वसंकेत असू शकतो. त्यामुळे अशा रुग्णासही रुग्णालयात तपासून देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत आहे.

तातडीची काळजी

रुग्णास बसवून पुढे किंचित वाकवावे व रक्त न गिळता थुंकण्यास सांगावे. गुंगी असल्यास कुशीवर निजवावे. उताणे निजवल्यास रक्त श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. पुन्हा भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने खाण्यास काही देऊ नये. घशात बोट, कापूस किंवा चमचा घालून गुठळी काढण्याचा प्रयत्न करू नये. रक्त थांबण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावता येते.

रुग्णालयातील उपचार

प्रथम श्वासमार्ग मोकळा ठेवून शिरेवाटे द्रव दिले जातात आणि रक्तगट व हिमोग्लोबिन तपासले जाते. सहकार्य करू शकणाऱ्या रुग्णात गुठळी काढून अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये भिजवलेला बोळा दाबून धरणे, रक्तवाहिनी डागणे किंवा ट्रॅनेक्सॅमिक आम्ल देणे असे उपाय केले जातात. रक्त न थांबल्यास, तसेच लहान मुलांत बहुधा, भूल देऊन रक्तवाहिनी बांधावी किंवा डागावी लागते. गिळलेल्या रक्ताने पोट भरलेले असल्यामुळे ही भूल देणे जोखमीचे असते. क्वचित खोबणीच्या दोन्ही कडा शिवून घ्याव्या लागतात. अत्यंत दुर्मीळ प्रसंगी बाह्य कॅरोटिड रोहिणी बांधणे किंवा रक्तवाहिनी आतून बंद करणे आवश्यक ठरते.

प्रतिबंध

शस्त्रक्रियेपूर्वीची विचारपूस हा प्रतिबंधाचा पाया होय. सहज काळेनिळे डाग पडणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे, नाकातून वारंवार रक्त येणे, मासिक पाळीत अतिस्राव होणे किंवा कुटुंबात असे आजार असणे या गोष्टी डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. घेत असलेल्या सर्व औषधांचीही, आयुर्वेदिक औषधे धरून, माहिती द्यावी.

नंतरच्या काळात पुरेसे पाणी पिणे, वेदनाशामके डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घेणे व गिळत राहणे महत्त्वाचे असते. पेज, मऊ भात, थंड दूध असे पदार्थ सोसतात. कडक पदार्थ काही दिवस टाळण्याचा प्रघात आहे. जोरदार गुळण्या व श्रमाची कामे टाळावीत. सुमारे दोन आठवडे रुग्णालयापासून दूरचा प्रवास करू नये, असा सल्ला दिला जातो.

काही रुग्णांत टॉन्सिलचे बाह्य आवरण राखून आतील भागच काढला जातो. या पद्धतीत रक्तस्राव पुष्कळच कमी होतो. मात्र उरलेला भाग पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता असते.

इतिहास

इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने बोटाने टॉन्सिल सोडवण्याची रीत वर्णिली असून रक्त थांबवण्यासाठी जखम व्हिनेगरने धुण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत गलशुंडिका, म्हणजे वाढलेली पडजीभ, कापण्याचा विधी येतो. प्रमाणाबाहेर छेद घेतल्यास रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो, असा इशारा तेथे दिला आहे. एकोणिसाव्या शतकात टॉन्सिल छाटण्याचे गिलोटिन प्रचारात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी टॉन्सिल आवरणासह सोडवून रक्तवाहिन्या बांधण्याची पद्धत रूढ झाली.

ऑस्ट्रियात २००६-०७ च्या सुमारास काही बालकांचा या रक्तस्रावाने मृत्यू झाल्यानंतर सहा वर्षांखालील मुलांतील संपूर्ण उच्छेदनाचे निकष कडक करण्यात आले. अमेरिकेतील २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, प्रत्येक शल्यचिकित्सकाने आपल्या रुग्णांतील रक्तस्रावाचे प्रमाण दरवर्षी निश्चित करावे, अशी शिफारस आहे.